वेबसाईटवर ॲनिमेशनसाठी कुठली जावास्क्रिप्ट लायब्ररी घ्यावी?

तुम्ही विचारलंय की दुकानाची साईट करताय, स्क्रोल केलं की फोटो आणि मजकूर सरकत यायला पाहिजे, तर जीसॅप, ॲनिमे जेएस, एओएस, थ्री जेएस यातली कुठली लायब्ररी, म्हणजे आयता लिहिलेला कोड, घ्यावी. मी सोलापुरातच असतो, इथल्या चादर-टॉवेलवाल्यांच्या साईट करतो, त्यामुळं वापरून बघितलेलं तेवढंच सांगतो.

माझं मत जीसॅप. पण त्याआधी बघा, फोटो नुसता हळूच दिसायला लागावा किंवा बटणाचा रंग बदलावा एवढंच असेल तर लायब्ररी घेऊच नका, सीएसएसचं (पानाची सजावट ठरवणारी भाषा) ट्रान्झिशन, म्हणजे हळूहळू होणारा बदल, आणि भाग स्क्रीनवर आला की कळवणारा ब्राउझरमधलाच इंटरसेक्शन ऑब्झर्व्हर, दहा-पंधरा ओळीत काम होतंय. जीसॅप कुठं लागतं तर एकामागोमाग एक गोष्टी घडवायच्या असतात तिथं. एका चादरवाल्यांच्या साईटला मी जॅकार्डचं, म्हणजे विणीतच येणाऱ्या नक्षीचं, डिझाईन एसव्हीजीत (रेघांनी बनलेल्या चित्राचा प्रकार) काढलं होतं, स्क्रोल कराल तसं आधी काठ विणला जातोय, मग मधली फुलं, फुलं अर्धी भरली की दुकानाचं नाव. हे सीएसएसच्या डिलेवर (किती वेळानं सुरू व्हायचं तो आकडा) करायला गेलं की काठाला अर्धा सेकंद वाढवला तर पुढचे सगळे आकडे हातानं बदलत बसायचं, जीसॅपच्या टाइमलाइनमध्ये, म्हणजे क्रमानं लावलेल्या यादीत, एक आकडा बदलला की पुढचं सगळं आपोआप सरकतं. आणि जीसॅपच्या स्क्रोलट्रिगर प्लगिनला स्क्रब लावलं, म्हणजे ॲनिमेशन स्क्रोलला बांधलं, की पान परत वर सरकवलं तर वीण उलटी उसवते, ते बघून मालक स्वतःच चार वेळा वर-खाली करत बसले.

आता अडकतं कुठं ते नीट सांगतो, कारण लायब्ररीची तुलना करणारे हे सांगत नाहीत. तीच साईट माझ्या लॅपटॉपवर लोण्यासारखी चालायची आणि मालकांनी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत गोडाऊनमध्ये त्यांच्या जुन्या फोनवर उघडली तर नुसते हिसके. मला वाटलं लायब्ररी जड पडतीय, दोन दिवस दुसरी लावून बघितली, तरी तेच! चूक माझ्या कोडमध्ये होती, मी लेफ्ट आणि विड्थ (डावीकडचं अंतर आणि रुंदी) हलवत होतो, म्हणजे ब्राउझरला प्रत्येक फ्रेमला पानाची मांडणी नव्यानं मोजावी लागते आणि सेकंदाला 60 फ्रेम धरल्या तर एका फ्रेमला जेमतेम 16 मिलिसेकंद मिळतात. तेच सगळं ट्रान्सफॉर्म (मांडणी न बदलता सरकवणं, फिरवणं, लहान-मोठं करणं) आणि ओपॅसिटीवर (किती पारदर्शक ते) आणलं, हिसके थांबले. तेव्हा कुठलीही लायब्ररी घ्या, या दोघांच्या बाहेर शक्यतो जाऊ नका आणि घरातल्या सगळ्यात जुन्या फोनवर बघितल्याशिवाय साईट चढवू नका.

दुसरं, मजकूर मराठी असेल तर अक्षर-अक्षर उडवत आणायचे इफेक्ट टाळा. साध्या स्प्लिटनं 'सिद्धेश्वर' तोडलं की वेलांटी एकीकडं, द वेगळा आणि त्याचा मोडलेला पाय वेगळा, मात्रा ठिपक्यांच्या गोलावर लटकतीय असं दिसतं, 'गड्ड्याची यात्रा' तर वाचताच येत नाही. आपली अक्षरं इंग्रजीसारखी सुटी नसतात ना. मजकूर तोडणारं जीसॅपचं स्प्लिटटेक्स्ट असो नाहीतर दुसरं काही, शब्द किंवा ओळी तोडा, तेवढं सुंदर दिसतं.

पैशाचं म्हणाल तर पूर्वी जीसॅपचे चांगले प्लगिन (वरून जोडायचे भाग) विकत घ्यावे लागायचे. वेबसाईट बनवायचं साधन देणाऱ्या वेबफ्लो कंपनीनं 2024 मध्ये जीसॅपच विकत घेतलं आणि एप्रिल 2025 पासून 3.13 व्हर्जनला स्प्लिटटेक्स्ट, एका आकाराचा दुसरा आकार करणारं मॉर्फएसव्हीजी यांच्या सकट सगळं फुकट, धंद्याच्या साईटलासुद्धा. लायसन्स पूर्ण ओपन सोर्स (कोड कुणीही वापरावा, बदलावा असं) मात्र नाही, तसंच पाहिजे असेल तर ॲनिमे जेएस एमआयटी या ओपन सोर्स लायसन्सवर आहे, 2025 मध्येच त्याचं चौथं व्हर्जन आलं आणि लागेल तेवढाच भाग घेता येतो, हलकं काम असेल तर मी तेच घेतो. साईट रिॲक्टमध्ये (पानं बनवायची जावास्क्रिप्ट लायब्ररी) करत असाल तर मोशन नावाची ॲनिमेशन लायब्ररी बघा. थ्री जेएस थ्रीडीसाठी आहे, तुम्हाला लागत नाही. एओएस लावायला सगळ्यात सोपं, पण त्यात फेडवाले, म्हणजे हळूच दिसायला लागणारे, भाग सुरुवातीला अदृश्य असतात, नेटवर्कमुळं त्याची स्क्रिप्ट आलीच नाही तर गिऱ्हाईकाला पान मोकळं दिसतं, दुकानाच्या साईटला मी तो धोका घेत नाही.

शिकताना ट्वीनमॅक्स (जीसॅपच्या जुन्या व्हर्जनमधलं नाव) असं दिसलं तर ते ट्युटोरियल सोडा, ते 2019 मध्ये जीसॅप 3 यायच्या आधीचं आहे. आणि काहींना हलत्या गोष्टींनी गरगरतं, त्यांनी फोनमध्ये ॲनिमेशन कमी करून ठेवलेलं असतं, जीसॅपमधल्या मॅचमीडिया या सोयीनं ते ओळखता येतं, तेवढ्या चार ओळी पहिल्याच दिवशी टाकून ठेवा.