आईने बाबांना किडनी दिल्यापासून ती गप्प असते, मधेच रडते. रिपोर्ट तर चांगले आहेत, मग असं का होतंय?

होतं असं. मी धाकट्या भावाला किडनी दिलीय म्हणून सांगते, आई नाटकं करत नाहीये आणि तिला दिल्याचा पस्तावा होतोय असंही लगेच धरू नका.

बाबा आजारी होते ते ऑपरेशननंतर सुधारले, डायलिसिस सुटलं, आई मात्र धडधाकट आत गेली आणि पोटाला टाके घेऊन बाहेर आली. घरी आल्यावर सगळं पेशंटभोवती फिरतं, त्याच्या गोळ्यांच्या वेळा, शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून दिलेल्या टॅक्रोलिमस या औषधाची रक्तातली लेव्हल, पाणी किती प्यायला लघवी किती झाली ते वहीत लिहायचं, इन्फेक्शनची भीती वेगळीच. डोनरला चार-पाच दिवसांत डिस्चार्ज मिळतो की सुटली ती! मी पोटाशी उशी दाबून खोकत असायचे आणि भेटायला आलेले मलाच विचारायचे, भाऊ कसा आहे. ऑपरेशनआधी परवानगी देताना कॅमेरा लावून विचारलं होतं, कुणाचा दबाव नाही ना. नंतर तुझं कसं चाललंय हे विचारायला कुणी नाही. केंद्र सरकारी कर्मचाऱ्याला २०२३ पासून अवयवदानासाठी ४२ दिवसांपर्यंत खास रजा मिळते, घर सांभाळणाऱ्या बाईला ती कोण देणार?

बहुतेक डोनर काही महिन्यांत सावरतात आणि पुन्हा वेळ आली तरी देऊ म्हणतात, मीही म्हणेन. पण आधी डिप्रेशन येऊन गेलेलं असेल, दुखणं लांबलं असेल, पैशाची ओढाताण असेल किंवा दिलेली किडनीच नीट चालत नसेल तर फार जड जातं.

आणि रिपोर्ट चांगले आहेत हे आईला कुणी नीट समजावलंय का? किडनी किती काम करते ते रक्तातल्या क्रिएटिनिनवरून कळतं; एका किडनीवर ते आधीपेक्षा थोडं वर राहतं, ते अपेक्षितच असतं, पण वाढलेला आकडा बघून माणूस रात्र रात्र जागतं. तिची फाईल वेगळी करा, तिची फॉलोअपची तारीख वेगळी घ्या, बाबांच्या अपॉइंटमेंटमध्ये उरकू नका, आणि डॉक्टरांशी तिला स्वतःला बोलू द्या. जड उचलायची कामं डॉक्टर हो म्हणेपर्यंत बंद, आणि बाबांचं पथ्यपाणी काही दिवस तुम्ही बघा, हे मी कळकळीने सांगतेय.

दोन आठवड्यांच्या वर रडणं, झोप न लागणं, जेवण न जाणं चालूच असेल तर हॉस्पिटलमधल्या ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटरला सांगून मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घ्या. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, चोवीस तास चालतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. जगावंसं वाटत नाही असं काही बोलली तर मात्र थांबू नका, त्याच दिवशी दाखवा.