शेवटचा प्रसंग पुन्हा पाहा

प्रश्न : मुलगा नववीत आहे, ट्रम्पेट वाजवतो. रोज तीन तास सराव मी समोर बसून करून घेतो. खालून मित्र हाका मारतात, पण मी सोडत नाही. हल्ली ओठ सुजतो म्हणून कुरकुरतो. 'मो बेटर ब्लूज' पाहिला. त्यातल्या आईने पोराला खेळायला सोडलं नाही, म्हणूनच तो मोठा वादक झाला ना? अमेरिकेतल्या बर्कली या संगीत महाविद्यालयाची तयारी आतापासून कशी करावी?
– एक वडील, नाशिक

उत्तर : बर्कलीचं नंतर बघू. पत्र वाचताना मी त्या सुजलेल्या ओठापाशीच अडकले.

स्पाइक ली यांचा १९९० चा हा चित्रपट तुम्ही पाहिलात, पण मनात धरलात तो फक्त पहिला प्रसंग. ब्रुकलिनमधला छोटा ब्लीक, खालून हाका मारणारी पोरं, सराव पुरा कर म्हणणारी आई. पुढे तो क्लब गाजवतो, हे खरं. पण बाकीचं आयुष्य? सरावाच्या वेळेत मैत्रीण दारात आली तरी त्याचा पारा चढतो. दोघींत गुंततो, एकीचाही धड होत नाही. जुगारी मित्राला मॅनेजर म्हणून सांभाळतो, त्याला मारणाऱ्यांच्या मध्ये पडतो, आणि ते ब्लीकच्याच ट्रम्पेटने त्याचं तोंड फोडतात. ओठ गेला, वाजवणं संपलं. वाद्य सोडून दुसरं काही त्याने जवळ ठेवलेलंच नव्हतं. शेवटी त्याचा स्वतःचा मुलगा सराव करत असतो, खालून मित्र हाका मारतात, आई नको म्हणते. जाऊ दे त्याला, असं म्हणतो तो ब्लीक. म्हणजे बाप.

जितके तास जास्त तितकी प्रगती जास्त, हा समज ट्रम्पेटला मुळीच लागू नाही. बोटांनी दाबायचे व्हॉल्व्ह तीनच असतात, बाकी सगळं ओठ आणि श्वास घडवतात. ओठ थकला की मूल नकळत माउथपीस, म्हणजे ओठांना लावायचा भाग, दाबू लागतं. वरचा स्वर तेवढ्यापुरता निघतो, पण ओठ दातांवर चेपला जातो आणि दाबून वाजवायची खोड लागते. ती मोडणं फार कठीण. म्हणून चांगले शिक्षक सांगतात, जेवढं वाजवलंस तेवढीच विश्रांती घे. सूज पूर्ण उतरेपर्यंत वाद्य पेटीत राहू द्या, उतरली नाही तर डॉक्टरांना दाखवा. मग सरावाचे छोटे छोटे तुकडे, आणि समोर तुम्ही नको.

लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संगीताच्या ग्रेड परीक्षा शिक्षक सांगतील तेव्हा. वाद्य पेटीत असेल त्या दिवसांत त्याला सी. रामचंद्रांच्या 'अलबेला'ची (१९५१) गाणी ऐकवा आणि चिक चॉकलेट या गोव्याच्या ट्रम्पेटवाल्याबद्दल सांगा. शेजारी बसा, पण सूचना करू नका.

तुमच्या पत्रात त्या मुलाचं एकही वाक्य नाही, ओठाची कुरकुर सोडली तर. पुढचं पत्र त्याला लिहू द्या. तुम्ही न वाचता पाठवा.