स्पीकर नाहीत, तरी साउंड ड्रायव्हर दुरुस्त करायचा का?

प्रश्न : आमच्या गावच्या वाचनालयात उबुंटूवर चालणारे जुने संगणक आहेत. सूचना आलीय, की सीव्हीई-२०२४-५३१९७ नावाची त्रुटी साउंड ड्रायव्हरमध्ये आहे आणि कर्नल अपडेट करा. पण आमच्या एकाही मशीनला स्पीकर नाही. स्पर्धा परीक्षेची मुलं दिवसभर बसलेली असतात, मशीन मध्येच बंद केलं की ओरडतात. हा अपडेट सोडून दिला तर चालेल का? आणि माझ्या अँड्रॉइड फोनचं काय?
– एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : सोडू नका. स्पीकर नसल्यानं काही फरक पडत नाही, यूएसबीचं भोक आहे ना, तेवढं पुरे. यूएसबीला काहीही जोडलं की ते उपकरण आधी आपली ओळख सांगतं आणि त्यावरून कर्नल, म्हणजे उबुंटू आणि अँड्रॉइड या दोन्हींचा लिनक्स हा गाभा, योग्य तो ड्रायव्हर (ते उपकरण चालवणारा प्रोग्रॅम) आपणहून चढवतं. ‘मी साउंडकार्ड’ असं सांगणारी वस्तू खरोखर साउंडकार्ड आहे का, हे कोणी तपासत नाही. दिसायला पेनड्राइव्ह असली तरी चालतं.

ही चूक क्रिएटिव्ह कंपनीचं एक्स्टिजी आणि डिजिडिझाइनचं एमबॉक्स या जुन्या साउंड उपकरणांसाठी लिहिलेल्या खास कोडमध्ये होती. ती उपकरणं सुरू होताना कर्नल त्यांची माहिती दुसऱ्यांदा वाचतं. आता समजा, पाहुणा आधी म्हणाला ‘एकच पान मांडा’, तुम्ही मांडलंत, आणि पंगतीत बसल्यावर म्हणाला ‘आम्ही पंचवीस’. वाढपी आकड्यावर विसंबून पुढे वाढतच गेला, तर आमटी शेजाऱ्याच्या जमिनीवर. उपकरणानं आपल्या कॉन्फिगरेशनची (चालण्याच्या पद्धतींची) संख्या दुसऱ्या वेळी फुगवून सांगितली, की कर्नलही आपण राखलेल्या मेमरीच्या पलीकडे हात घालतं. उपकरण काढताना साफसफाई होते तेव्हाही तेच. दुरुस्ती अगदी छोटी : आकडा वाढलेला दिसला, तर नवी माहिती घ्यायचीच नाही.

‘असलं कोण करतं?’ असं मनात आलं असेल, तर सर्बियाकडे बघा. डिसेंबर २०२४ मध्ये बेलग्रेडमध्ये पोलिसांनी एका विद्यार्थी कार्यकर्त्याचा अँड्रॉइड फोन ताब्यात घेतला. तो सेलेब्राइट कंपनीच्या फोन उघडण्याच्या साधनांनी उघडल्याचं ॲम्नेस्टी इंटरनॅशनल या मानवी हक्क संघटनेच्या तज्ज्ञांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर केलं. फोनच्या नोंदींत एक वेबकॅम, एक एक्स्टिजी साउंडकार्ड आणि एक टचपॅड जोडल्याच्या खुणा होत्या. कुलूपबंद फोनला साउंडकार्ड कोण लावतं? ती सगळी सोंगं होती.

तुमच्या वाचनालयात सर्बियाचे पोलीस येणार नाहीत, हे मलाही कळतं. शिवाय हा हल्ला करायला मशीन हाताशी लागतं, इंटरनेटवरून होत नाही. म्हणून रात्र जागवू नका. पण तुमच्याकडे अनोळखी माणसं येऊन हवं ते पेनड्राइव्ह लावतात. हाताशी मशीन म्हणतात ते याहून वेगळं काय असतं?

अपडेट मुलं बसलेली असतानाही उतरवून बसवता येतो, त्यात त्यांना काही जाणवत नाही. मात्र नुसता बसवून भागत नाही, मशीन पुन्हा सुरू होईपर्यंत जुनंच कर्नल चालू असतं. यासाठी मुलांना उठवायची गरज नाही. संध्याकाळी कुलूप लावताना मशीन बंद करा, सकाळी नवं कर्नल आपोआप येईल. बंद म्हणजे खरोखर शटडाउन. मॉनिटरचं बटण दाबून घरी जाणारे ग्रंथपाल मी पाहिलेत.

एखाद्या मशीनवर तेवढंही जमत नसेल, तर मॉडप्रोबच्या (ड्रायव्हर चढवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) फोल्डरमध्ये एसएनडी-यूएसबी-ऑडिओ हे साउंड ड्रायव्हरचं मॉड्यूल ब्लॅकलिस्ट करा, म्हणजे ते आपोआप चढणार नाही, आणि ते आधीच चढलेलं असेल तर उतरवा. स्पीकरच नाहीत, त्यामुळे तुमचं काही अडत नाही. यूएसबी हेडफोन मात्र चालणार नाहीत, तेवढं मुलांना सांगून ठेवा. पण ही तात्पुरती सोय समजा, कारण सर्बियातल्या त्या फोनमध्ये वेबकॅम आणि टचपॅडची सोंगंही होतीच, आणि त्यांचे ड्रायव्हर वेगळे.

फोनचं सोपं आहे. सेटिंग्जमध्ये ‘सिक्युरिटी पॅच’ची तारीख बघा. ५ एप्रिल २०२५ किंवा त्यानंतरची असेल तर ही त्रुटी बुजलेली आहे. १ एप्रिल दिसत असेल तर पुरेसं नाही. कर्नलच्या दुरुस्त्या पाच तारखेच्या पॅचमध्ये होत्या.