फ्लोमध्ये लाइट चेन एकीकडे 'डिम', दुसरीकडे 'निगेटिव्ह'

तुमचा प्रश्न असा की वडिलांना सीएलएल (बी सेल्सचा, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींचा, रक्ताचा कॅन्सर) सांगितलाय, पहिल्या लॅबच्या फ्लो सायटोमेट्री (पेशींवरच्या खुणा ओळखणारी तपासणी) रिपोर्टमध्ये 'कप्पा डिम' लिहिलंय आणि सेकंड ओपिनियनला पाठवलेल्या सॅम्पलमध्ये 'सरफेस लाइट चेन निगेटिव्ह', बाकी सीडी ५, सीडी १९, सीडी २३ (पेशींवरची खुणेची प्रोटीन्स, म्हणजे मार्कर्स) सगळं दोन्हीकडे सारखंच, मग चुकलं कोण? बहुतेक कोणीच नाही. मी फ्लोच्या लॅबमध्ये बरीच वर्षं काढलीत, हा घोळ नेहमीचा आहे.

आधी मूळ गोष्ट. प्रत्येक नॉर्मल बी सेल आपल्या अंगावर इम्युनोग्लोब्युलिन (म्हणजे अँटीबॉडीचं प्रोटीन) मिरवते आणि त्यात लाइट चेन (त्याचा छोटा भाग) एकाच प्रकारची असते, कप्पा नाहीतर लॅम्डा. निरोगी माणसात दोन्ही प्रकारच्या सेल्स मिसळलेल्या असतात, कप्पावाल्या थोड्या जास्त. सगळ्याच्या सगळ्या एकाच प्रकारच्या निघाल्या तर त्या एकाच सेलची पिलावळ आहेत असं समजायचं. पण सीएलएलमध्ये गंमत अशी की सेलच्या पृष्ठभागावर हे इम्युनोग्लोब्युलिन फारच कमी असतं. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला लोक फ्लोरोसंट अँटीबॉडी लावून मायक्रोस्कोपखाली बघायचे तेव्हाही ते फिकटच दिसायचं, आणि १९७४ मध्ये पॅरिसच्या ग्रुपने पेरॉक्सिडेज लावलेल्या अँटीबॉडी वापरून ते नॉर्मल सेल्सशी ताडून मोजलं, त्यात जे बिने होते तेच तुमच्या रिपोर्टमधल्या 'बिने स्टेज ए' (आजार किती पुढे गेलाय ते सांगणारी पायरी) वाले बिने. म्हणजे फिकटपणा हा दोष नाही, ती या आजाराची खूणच आहे. १९९४ च्या मातुतेस स्कोअरमध्ये (मार्कर्सवरून सीएलएल ओळखायची गुणपद्धत) तर सरफेस इम्युनोग्लोब्युलिन वीक असल्याचा चक्क एक मार्क मिळतो. उलट ते झगझगीत आलं आणि सीडी २३ निगेटिव्ह असेल तर आम्ही आधी मॅन्टल सेल लिम्फोमाचा (बी सेल्सचाच दुसरा कॅन्सर) विचार करतो आणि सायक्लिन डी१ (त्यात वाढणारं प्रोटीन) बघायला सांगतो.

आता डिम आणि निगेटिव्ह यांतला फरक. इतकी कमी गोष्ट शोधायची म्हटल्यावर सगळं टेक्निकवर येतं. रक्ताच्या प्लाझ्मामध्ये मोकळं इम्युनोग्लोब्युलिन लिटरला साधारण १० ग्रॅम तरंगत असतं आणि त्यालाही कप्पा-लॅम्डा असतातच, त्यामुळे तुम्ही टाकलेली अँटीबॉडी आधी तिकडेच खर्च होते आणि सेलपर्यंत काही उरतच नाही, पोळ्या वाढायच्या आधीच स्वयंपाकघरात संपाव्यात तसं. म्हणून अँटीबॉडी टाकायच्या आधी सेल्स दोन-तीनदा धुवायच्या, बरेच जण कोमट पीबीएसने (मिठाच्या बफर पाण्याने) धुतात. बाकीच्या मार्कर्सना हे एवढं लागत नाही, म्हणून घाईत ते उरकलं जातं (खरं सांगायचं तर धुणं हे या टेस्टमधलं सगळ्यात कंटाळवाणं काम आहे). दुसरं म्हणजे रीएजंट, म्हणजे कुठली अँटीबॉडी वापरली ते. मोनोक्लोनल अँटीबॉडी एकच जागा ओळखते, पॉलिक्लोनल अनेक जागांना चिकटते, त्यामुळे फिकट केसमध्ये बऱ्याचदा पॉलिक्लोनलला कप्पा दिसतं आणि मोनोक्लोनलला दिसत नाही. सॅम्पल शिळं असेल तर आणखीच वांधे.

आणि समजा खरंच कप्पा आणि लॅम्डा दोन्ही निगेटिव्ह आले, तरी घाबरायचं नाही. सीडी १९ वाल्या सेल्सचा एवढा मोठा गठ्ठा आणि एकावरही लाइट चेन नाही, हेच मुळात नॉर्मल नाही, त्यामुळे पॅथॉलॉजिस्ट त्यालाही क्लोनल (एकाच सेलची पिलावळ) धरूनच चालतात. खात्री हवीच असेल तर सेलला भोकं पाडून आतलं इम्युनोग्लोब्युलिन बघता येतं. पण तुमच्या केसमध्ये बाकीचे मार्कर्स इतके टिपिकल आहेत की मी तरी त्यावर पैसे घालवणार नाही. दोन्ही रिपोर्ट, शक्यतो ते ठिपक्यांचे प्लॉट असलेलं पानसुद्धा, हिमॅटॉलॉजिस्टला एकत्र दाखवा.

तुम्ही शेवटी विचारलंय की रक्तात आयजीजी (रक्तातली मुख्य अँटीबॉडी) कमी आलंय, ते याच्यामुळेच का. नाही, ती सीरमची वेगळी टेस्ट. तिथे आजारामुळे चांगल्या अँटीबॉडी कमी पडतात म्हणून इन्फेक्शन वारंवार होतात. न्यूमोनिया आणि फ्लूच्या लसींबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा, लाइव्ह लस मात्र परस्पर घेऊ नका.

त्यापेक्षा एक टेस्ट विचारून ठेवा, आयजीएचव्ही म्युटेशन. हेही इम्युनोग्लोब्युलिनच, फक्त प्रोटीनऐवजी त्याचा जीन वाचायचा. १९९९ मध्ये दोन वेगवेगळ्या ग्रुप्सनी दाखवलं की ज्यांचा हा जीन बदललेला असतो त्यांचा आजार एकंदरीत सावकाश जातो, मूळ जीनशी ९८ टक्के किंवा जास्त जुळला तर अनम्युटेटेड म्हणतात. हा निकाल पुढे बदलत नाही, एकदा केली की झालं. १७पी (क्रोमोसोम १७ चा तुकडा गळणं) आणि टीपी५३ (त्यावरचा जीन बिघडणं) यांचं तसं नाही, ते प्रत्येक नव्या ट्रीटमेंटच्या आधी परत बघावं लागतं. आत्ता डॉक्टर नुसतं लक्ष ठेवा म्हणाले असतील तर दोन्हीची घाई नाही.