तरुण वयात अंतःकरण राखायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

तू लिहिलंस की वय 21 आहे, डिप्लोमा होऊन वर्षभर घरीच आहे, रविवारी चर्चला जातो पण रात्री मोबाईल हातात आला की मन भलतीकडे जाते, आणि बायबलमधल्या नीतिसूत्रे 4:23 मध्ये अंतःकरण राख म्हटलंय ते जमत नाही. मी तुझ्याहून मोठा आहे म्हणून अरेतुरे करतो, राग मानू नको.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यातला. बारावीनंतर दोन वर्षं मी पण अशीच घालवली, घरी सांगायचं भरतीची तयारी चालू आहे, दिवसा पानठेला आणि रात्री मोबाईल. दर रविवारी रडून प्रार्थना करायचो, ॲप डिलीट करायचो, बुधवारपर्यंत परत डाउनलोड. वाटायचं आपला विश्वासच खोटा आहे.

त्या हिवाळ्यात बाबांसोबत हरभऱ्याच्या जागलीला, म्हणजे रात्री पिकाची राखण करायला जात होतो, रोही आणि डुकरं एका रात्रीत काय करून ठेवतात ते तुला माहीतच असेल. शेजारचं वावर त्या साली पडीत होतं. मी सहज विचारलं, यांचं कोणी येत नाही का, तर बाबा म्हणाले, "अबे, पडीत वावराची कोणी जागल करते का? पीक हाय म्हणून तर बसलो ना आपण थंडीत."

ते मला लागलं. मी नुसतीच डुकरं हाकलत होतो, आत पेरलेलं काही नव्हतंच. मत्तय 12 मध्ये येशू हेच सांगतो ना, अशुद्ध आत्मा निघून गेला, घर झाडून ठेवलं पण रिकामंच राहिलं, मग तो आणखी सात जणांना घेऊन परत आला.

बायबलमधल्या योसेफाचं बघ. 17 वर्षांचा होता तेव्हा भावांनी विकला, मिसरचा राजा फारोपुढे उभा राहिला तेव्हा 30 चा, मधली 13 वर्षं गुलामी आणि तुरुंग. पण त्याचा धनी पोटीफर, त्याच्या बायकोने आपल्यासोबत झोपायची गळ घातली तेव्हा तो काय म्हणतो ते नीट वाच, धन्याने सगळा कारभार माझ्या हाती दिलाय, मग मी देवाविरुद्ध एवढं मोठं पाप कसं करू. त्याच्याजवळ राखायला काहीतरी होतं, परक्या देशात आणि गुलाम असून सुद्धा.

मला पास्टरांनी संडे स्कूलची आठ-दहा पोरं दिली. शनिवारी तयारी करावीच लागायची, वचन पाठ नसलं तर पोरंच पकडायची, त्यातच स्तोत्र 119 मधलं "तुझे वचन मनात जपून ठेवले" म्हणजे काय ते कळलं. वाईट विचार एकदम बंद झाले असं नाही, लग्नानंतरही होत नाहीत, खोटं कशाला सांगू. पण आता जागल करायला कारण आहे.

आणि 4:23 वर थांबू नको, पुढच्या वचनांत तोंड, डोळे, पाय सगळं ओळीने येते. माझं पायांपासून सुरू झालं, पानठेल्याचा रस्ताच सोडला. मोबाईल रात्री 10 ला आईच्या खोलीत चार्जिंगला, अजूनही तसंच आहे.

डिप्लोमा कशातला आहे तुझा? इलेक्ट्रिकलचा असेल तर गावात मोटारपंप दुरुस्त करणाऱ्याकडे उद्याच जाऊन बस, पगार विचारू नको, आधी हात चालू दे.