कांडी सुटते, काठ आवळतो, काय करू?

प्रश्न (पारोळा): दादा, रिटायर झाल्यावर हौसेनं सेकंडहँड हातमाग घेतला, १ मीटर पन्ह्याचा. सूत २० नंबरचं कॉटन. धोटा (आडवं सूत इकडून तिकडं नेणारी लाकडी होडी) फेकला की आतल्या कांडीवरून (सूत गुंडाळलेल्या नळीवरून) वेढेच्या वेढे एकदम सुटतात आणि गुंता होतो, आणि कांडी संपत आली की काठ आत ओढला जातो. मागच बदलू का? आजोबा अमळनेरच्या मिलमध्ये होते, त्यांच्या पोतंभर लाकडी कांड्या माळ्यावर पडल्यात, त्या चालतील का?

उत्तर: मागाला हात लावू नका हो, बिचाऱ्याचा काही दोष नाही. मी तरुणपणी धुळ्याला लूमवर कांड्या भरायलाच होतो, आमचा जॉबर (लूमवरचा मुकादम) कापडात खोट दिसली की आधी कांडी हातात घ्यायचा आणि मग आमच्याकडे बघायचा, त्यामुळं सांगतो.

माझा अंदाज असा की तुम्ही कांडी शिलाई मशीनच्या बॉबिनसारखी भरताय, म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गुंडाळत. मशीनचं बॉबिन स्वतः फिरतं म्हणून तिथं ते चालतं. तुमच्या धोट्यातली कांडी फिरत नाही, ती खिळ्यावर गच्च बसलेली असते आणि सूत तिच्या टोकावरून ओढलं जातं. मग सरळ गुंडाळलेल्या सुतात वरचा वेढा खालच्यात अडकणार नाहीतर चार-पाच वेढे घेऊन घसरणार. म्हणून सुरुवात जाड बुडापासून करायची, तिथं आधी उताराचा छोटा ढीग करायचा, मग ३-४ सेंटिमीटरच्या पट्ट्यातच सूत पुढं-मागं खेळवत तो पट्टा हळूहळू टोकाकडं सरकवत न्यायचा. टोकाला बोटभर जागा मोकळी सोडा.

आणि घट्ट भरा! कांडी भरायचा चरखा फिरवताना सूत चिंधीत धरायचं, नुसत्या बोटात धरलं तर बोट कापतं (माझ्या बोटावर अजून खूण आहे). भरलेली कांडी अंगठ्यानं दाबून बघा, खड्डा पडला तर उकला आणि परत भरा, कंटाळा करू नका. पण फार जाडपण नको, धोट्याच्या भिंतीला घासली की ताण वाढलाच.

आता काठाचं. कांडी रिकामी होत आली की सूत उघड्या लाकडावरून लांब घासत येतं, ताण वाढतो, काठ आवळतो. हे थोडंफार होणारच, म्हणून शेवटचे वेढे वापरायचा लोभ करू नका, कांडी बदला. बाणा (आडवं सूत) थोडा तिरका सोडून मग फणी (बाणा ठोकून बसवायची) मारायची, त्यानंही फरक पडतो. कांडी किती पुरते तेपण सांगतो: २० नंबरचं सूत १ ग्रॅममध्ये साधारण ३४ मीटर बसतं, म्हणजे १५ ग्रॅमच्या कांडीत ५०० मीटरच्या आसपास. इंचाला ४० बाणे धरले तर तुमच्या पन्ह्यात जेमतेम फूटभर कापड! म्हणून विणायला बसण्याआधी डझनभर कांड्या भरून ठेवा, नाहीतर निम्मा वेळ चरख्यावरच जाईल.

आजोबांच्या कांड्या फेकू नका. मात्र बुडाला लोखंडी रिंगा असतील तर त्या पकडीच्या धोट्याच्या आहेत, तुमच्या खिळ्यावर बसणार नाहीत. बाकीच्या फरशीवर घरंगळून बघा, डुलत जाणारी बाजूला काढा, चिरलेलीपण. उरलेल्यांना बारीक पॉलिशपेपर मारा, पण अंगावरच्या खाचा घासून घालवू नका, त्या सूत घसरू नये म्हणूनच असतात. आणि कांड्या कमी पडल्या तर जाड खाकी कागदाच्या नळ्या करूनही काम भागतं.

प्रश्न (चोपडा): एप्रिल-मे मध्ये बाणा फार तुटतो, सूत खराब आलंय का?

उत्तर: सूत नाही भो, आपलं ऊन! कॉटन ओलं असताना जास्त मजबूत असतं, कोरड्या हवेत ठिसूळ होतं. भरलेल्या कांड्या रात्री ओल्या गोणपाटाखाली ठेवा, सकाळी वापरा. दोन-दोन दिवस ठेवू नका, बुरशी धरेल.

प्रश्न (धुळे, कॉलेजची विद्यार्थिनी): कांडी आणि धोटा अजून वापरात आहेत का?

उत्तर: आहेत ना. जॉन के यानं १७३३ मध्ये धावता धोटा काढला तेव्हा विणणाऱ्याचा हात मोकळा झाला आणि कांडी भरणाऱ्यांची धावपळ वाढली, तीच पद्धत साध्या यंत्रमागावर आजही आहे. रॅपियर आणि एअरजेट या बिनधोट्याच्या नव्या मागांवर मात्र कांडी लागत नाही, बाणा थेट सुताच्या मोठ्या कोनवरून जातो. जवळच्या लूमवर जाऊन एकदा कांडी भरायला बसा, प्रोजेक्टला पुरेल एवढं तासाभरात कळेल, फक्त ओढणी घट्ट बांधून जा.