बाँड शिकायचाय तर विटा आधी सुक्या लाव

रामराम पोरा,

तुझा मेसेज वाचला. आयटीआयला मेसन ट्रेड घेतलास ते बरं केलंस. घरचे म्हणतात आता सगळीकडे आरसीसी आणि ब्लॉक, गवंडीकाम कशाला शिकतोस, ते मनाला लावून घेऊ नकोस, ब्लॉकची भिंतसुद्धा सांधा मोडूनच चढवावी लागते, ओळंबा तोच आणि दोरीही तीच. पण तू विचारलंस की वरून प्लास्टर होणार तर बाँडचे, म्हणजे खालचा-वरचा सांधा एका रेषेत न येऊ देता विटा रचायच्या पद्धतीचे, एवढे प्रकार शिकून कोणाला दिसणार, त्यावर मला जरा सविस्तर लिहायचंय.

बाँड दिसण्यासाठी नसतोच रे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तू तेव्हा जन्मलाही नव्हतास. त्या भागातल्या घरांच्या दगडमातीच्या भिंती दोन फूट आणि त्याहूनही जाड होत्या, तरी पडल्या, जवळपास १० हजार माणसं गेली. भिंतीचं आतलं तोंड वेगळं रचलेलं, बाहेरचं वेगळं, मधे माती आणि गोट्यांची भर, वर माळवदाचा बोजा, आणि दोन्ही तोंडांना धरून ठेवणारा आरपार दगड बहुतेक ठिकाणी नव्हताच, त्यामुळे हादऱ्यासरशी भिंती फाकल्या. जाडीवर विसंबायचं नाही ते यासाठी.

नऊ इंची विटकामात त्या आरपार दगडाचं काम हेडर करतो, म्हणजे भिंतीच्या जाडीत आडवी टाकलेली वीट. स्ट्रेचरच्या, म्हणजे भिंतीच्या लांबीत ठेवलेल्या विटांच्या थरात दोन विटा शेजारी-शेजारी लांबीत बसतात, त्यांना एकमेकींशी काही देणंघेणं नसतं, वरच्या थरातली आडवी टाकलेली वीट दोघींवर बसते तेव्हा ती एक भिंत होते. इंग्लिश बाँडमध्ये एक थर हेडरचा, एक स्ट्रेचरचा. फ्लेमिशमध्ये एकाच थरात एक हेडर एक स्ट्रेचर, दिसायला सुरेख, पण तुकडे जास्त लागतात आणि हात बसलेला लागतो. तू आधी इंग्लिशच पक्का कर, माझं ठाम मत आहे.

आता विटेचं माप बघ, कारण सगळा हिशोब तिथंच आहे. आयएसची, म्हणजे भारतीय मानकाची मॉड्युलर वीट १९० बाय ९० बाय ९० मिमी. दोन रुंद्या ९०-९० आणि मधला सांधा १० चा, झाले बरोब्बर १९०. म्हणून आडव्या दोन विटा लांबीत ठेवलेल्या एका विटेवर चपखल बसतात. भट्टीची वीट मात्र इतकी शिस्तीची नसते, एकाच ट्रकमध्ये लांबी कमीजास्त निघते, म्हणून काम सुरू करायच्या आधी ढिगातल्या दहाबारा विटा सलग मांडून टेपने मोजायच्या आणि सांधा किती धरायचा ते ठरवायचं, भिंत अर्ध्यावर आल्यावर नाही.

खरी परीक्षा कोपऱ्यात असते. हेडरच्या थरात कोपऱ्याची पहिली वीट लावली की तिच्या शेजारी लगेच क्वीन क्लोझर येतो, म्हणजे लांबीत चिरलेली अर्धी वीट. तो विसरलास तर खालचा सांधा आणि वरचा सांधा एका रेषेत येतात आणि पुढे भेग तिथूनच चालते. भट्टीची वीट लांबीत सरळ चिरत नाही, ठिकऱ्या होतात, म्हणून आधी आडवी दोन तुकडे कर, मग प्रत्येक तुकडा लांबीत फोड, आणि त्यातले दोन लागोपाठ बसव. आणि हे कोपऱ्यालाच, भिंतीच्या मधे कुठेही तुकडे भरत बसायचं नाही.

रॅट ट्रॅप बाँडचे व्हिडिओ बघून तुला तोच करायचाय हे कळलं. आर्किटेक्ट लॉरी बेकरनी केरळात तो खूप वापरला, विटा कडेवर उभ्या ठेवायच्या, आत पोकळी राहते, घर थंड राहतं आणि विटाही साधारण पाव हिश्श्याने वाचतात. पण त्याला एकसारखी वीट लागते. नंतर कर.

सिमेंट-वाळूचा माल अर्ध्या तासात संपेल एवढाच कालव, सुकत आलेल्या मालात परत पाणी टाकून फिरवणारे साईटवर भेटतील, त्यांच्यासारखं करू नकोस. नऊ इंची भिंतीला एकास सहा, म्हणजे एक भाग सिमेंटला सहा भाग वाळू, चालतो, चार इंचीला एकास चार, आणि चार इंचीत मीटरभरावर सळई टाकून काँक्रीटचा पट्टा हवाच. विटा भिजवल्याशिवाय हात लावायचा नाही, कोरडी वीट मालातलं पाणी पिऊन टाकते.

साईटवर लागलास की अठरा पूर्ण झाल्यावर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी कर. वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो, तो काम संपायच्या आतच मागून घ्यायचा, नंतर ठेकेदार सापडत नाहीत. आणि धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला गेलास तर त्रिविक्रम मंदिर बघ, हजार वर्षांहून जुनं आहे, विटांचं, मागची बाजू गोल आहे, विटेत गोलाई कशी साधली ते सावकाश बघ.

या रविवारी अंगणात मालाशिवाय, नुसत्या सुक्या विटांचा कोपरा मांड, चार थर. फोटो प्रत्येक थराचा वेगळा आणि वरून काढ, समोरून काढलास तर क्लोझर कुठे ठेवलास ते मला दिसणार नाही.